बत्तीस किलोमीटरवरचा चंद्र

क्षितिज किती लांब असतं, हे मला कुणीही विचारलं नव्हतं. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. पुढं जे झालं त्याबद्दल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिल्डरपासून हवामान खात्यापर्यंत सगळ्यांना जबाबदार धरून झालं आहे, पण आमच्या सौ.च्या, म्हणजे भाग्यश्रीच्या मते मूळ कारण एकच आहे आणि ते रोज सकाळी तिच्यासमोर बसून पोहे खातं.

त्या बुधवारी मी पोहेच खात होतो. समोर सासूबाई कॅलेंडर घेऊन बसल्या होत्या. आनंदीबाई, वय ऐंशी, मूळ मुक्काम शनिवार पेठ, गेली सात वर्षं आमच्याकडं वाघोलीला. पुढच्या मंगळवारी अंगारकी होती. "चंद्रोदय आठ सत्तेचाळीस," असं स्वतःशी म्हणून त्यांनी पेन्सिलीनं खूण केली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे नकाशे काढण्यात आणि जमिनीची लेव्हल घेण्यात हयात गेल्यामुळं, दुसऱ्याच्या तोंडून ढोबळ आकडा ऐकला की माझ्या घशात घास अडकतो. मी म्हणालो, "आई, ती वेळ आपल्या घराची नाही."

"पुण्याची आहे. वाघोली अजून पुण्यात धरत नाहीत का?"

"धरतात. पण कॅलेंडरवाले चारी बाजूंना मोकळं, सपाट क्षितिज धरून वेळ काढतात. आपलं क्षितिज तसं कुठाय?" आणि मी पोह्यांची बशी पृथ्वी म्हणून पुढं ओढली. लिंबाची फोड माणूस झाली. जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज पावणेपाच किलोमीटरवर दिसतं, म्हणजे इथून केसनंदच्या अलीकडं. माणूस जितका उंच चढेल तितकं ते मागं सरकतं. आमच्या चौथ्या मजल्यावरून ते चौदा किलोमीटरवर असायला हवं. "पण आपल्या गॅलरीसमोर बी विंग आहे. त्यामुळं आपलं दृश्य क्षितिज सत्तावीस मीटरवर आहे आणि त्यावर लोकांचे टॉवेल वाळत असतात. चंद्र बी विंगच्या गच्चीवर येईल तेव्हा तो आपल्यापुरता उगवला, असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येईल."

"तो तिथं कधी येतो?"

मी पाण्याच्या ग्लासशेजारी बोटानं थोडं गणित केलं. "रात्री पावणेदोनच्या सुमाराला."

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे गेली सात वर्षं मी चंद्र उगवायच्या आधी जेवतेय."

"तसं नाही, आई."

"तसंच. सात वर्षांच्या चौऱ्याऐंशी संकष्ट्या, आणि अधिक महिन्यांच्या दोन वेगळ्या. आणि हे तुम्ही मला आज सांगताय, पोहे खाताना." त्यांनी कॅलेंडर भिंतीला परत लावलं आणि वळून शांतपणे जाहीर केलं, की यापुढं चंद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या तोंडात घास घालणार नाहीत. आवाज चढवला नाही. आमच्या सासूबाई आवाज चढवतात तेव्हा काही होत नाही. शांत बोलल्या की घरच्यांनी तयारीला लागायचं असतं.

स्वयंपाकघरातून भाग्यश्री कालथा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूबाईंना मधुमेह आहे. श्रावणातल्या संकष्टीला त्यांची साखर इतकी उतरली होती की त्या देवघरासमोरच कोसळल्या. पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते. त्यानंतर डॉक्टर आणि सासूबाई यांच्यात बरीच बोलणी होऊन एक तह झाला होता: दिवसभरात एक कप दूध, आणि कॅलेंडरातली वेळ झाली की त्याच मिनिटाला पान. तो तह मी लिंबाच्या फोडीनं मोडला होता.

"तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच दुरुस्त करा," भाग्यश्री म्हणाली. "मंगळवारी आठ सत्तेचाळीसला आईला चंद्र दिसला पाहिजे. कसा, ते मला सांगू नका."

मला खरं तर थोडी उमेदच आली. निवृत्त माणसाला घरात सहसा एवढं मोठं काम मिळत नाही. मी कागद घेऊन बसलो. आमच्या ए विंगची गच्ची बाविसाव्या मजल्याच्या वर, म्हणजे जमिनीपासून सत्तर मीटर. सत्तराचं वर्गमूळ आठ पूर्णांक सदतीस, गुणिले तीन पूर्णांक पंच्याऐंशी. बत्तीस किलोमीटर दोनशे मीटर. गच्चीवरून पूर्वेला पार तळेगाव ढमढेरेच्याही पुढं दहा-बारा किलोमीटरपर्यंत क्षितिज जातं, आणि तिथं बी विंग आड येत नाही. आकडा बघून मला भरून आलं. एवढं मोठं क्षितिज डोक्यावर असताना आम्ही सात वर्षं टॉवेल बघत बसलो होतो.

"आणि इतक्या उंचावरून चंद्र लवकरही दिसतो," मी भाग्यश्रीला सांगितलं.

"किती लवकर?"

"एक मिनिट."

ती कणीक मळत होती, ती जरा जोरात मळायला लागली.

गच्चीला कुलूप होतं. त्यासाठी सोसायटीच्या अॅपवर अर्ज करावा लागतो. अर्जात कारणांची यादी असते: सोलरची देखभाल, टाकी सफाई, डिश अँटेना, इतर. मी 'इतर' निवडून पुढं 'चंद्रोदय' असं लिहिलं. दहा मिनिटांत अर्ज फेटाळला गेला आणि सेक्रेटरींचा फोन आला. सेक्रेटरी म्हणजे विश्वजीत, वय चौतीस, खराडीत आयटीत आहे आणि फोनवर नेहमी दुसऱ्या एका मीटिंगमधून बोलतो.

"काका, सिस्टीमनं तो इव्हेंट म्हणून घेतलाय. इव्हेंट असेल तर गेस्ट लिस्ट अपलोड करा, फायरचं एनओसी लागेल."

"पाहुणा एकच आहे. चंद्र."

"काका, प्लीज, मी कॉलवर आहे. चेअरमनना भेटा ना, ते मॅन्युअली अप्रूव्ह करतील."

मधल्या दोन दिवसांत ही बातमी लिफ्टमधून सगळ्या विंगमध्ये पोचली, आणि मला सल्ले मिळू लागले. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं, की त्यांच्या नणंदेला शिरूरला व्हिडिओ कॉल लावावा, तिकडं चंद्र दीड मिनिट आधी दिसतो. मी हे सासूबाईंच्या कानावर घातलं. "शिरूरचा चंद्र शिरूरच्यांनी बघावा," त्या म्हणाल्या. तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी, हे सगळं थोतांड असून म्हातारीला सरळ जेवायला घाला, असा सल्ला मला दिला. सासूबाई समोरून आल्या तेव्हा याच गृहस्थांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि तब्येतीची चौकशी करून ते निघून गेले.

चेअरमन जयसिंगराव म्हणजे या जमिनीचे मूळ मालक. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात सहा फ्लॅट आणि कायमचं चेअरमनपद आलं. ते गेटजवळच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर बत्तीस किलोमीटरचं गणित मांडलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"गणित बराबर असंल तुमचं," ते म्हणाले. "पण हितं आमची ज्वारी हुती. तवा बांधावर बसलं की चंद्र पार मातीतनं वर येताना दिसायचा. आता हितं बत्तीस किलोमीटर कुणाला दिसतंय? सांच्याला खडीच्या क्रशरची धूळ उठती ती खाली बसतच न्हाय."

"म्हणूनच उंचावर जायचं आहे."

"धूळ बी उंचावरच जाती," जयसिंगराव म्हणाले. पण परवानगी दिली. अट अशी की अध्यक्षांच्या उपस्थितीतच गच्ची उघडली जाईल आणि जाणाऱ्या प्रत्येकानं हमीपत्रावर सही करायची. हमीपत्रात लिहिलं होतं, की गच्चीवरून पडून काही झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. सासूबाईंनी ते भिंग लावून दोनदा वाचलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'पडल्यास मी जबाबदार. ढकलल्यास जावई.' जयसिंगरावांनी तो कागद तसाच फाइलला लावला.

रविवारी सकाळी जयसिंगरावांनी गच्ची उघडून दिली आणि मी पाहणी केली. चंद्र पूर्वेच्या डावीकडं, उत्तरेपासून बासष्ट अंशांवर उगवायचा होता. जुनं होकायंत्र सोलरच्या सांगाड्यावर ठेवून दिशा घेतली आणि कठड्यावर खडूनं बाण काढला. बाण बरोबर लांबच्या एका बांधकामाच्या क्रेनकडं जात होता. हवा स्वच्छ होती. मला पार टेकड्यांची रेघ दिसत होती.

तिथं मला गुलजारभाई भेटले. ते बाविसाव्या मजल्यावर राहतात आणि आपल्या कुंड्या गच्चीच्या दाराबाहेरच्या जिन्यात ठेवतात. चाळीस वर्षं कसबा पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळ्या सोसायटीत माझं गणित एका दमात समजलेला हा एकच माणूस.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "रमजानात मी रोज बघतो. वरून सूर्य मिनिटभर उशिरा बुडतो. माझी मुलगी आबेदा खाली दुसऱ्या मजल्यावर राहते. ती खजूर खाऊन मोकळी होते, आणि मी वर घड्याळाकडं बघत बसलेला असतो."

मी त्यांना मंगळवारचं आमंत्रण दिलं. त्या क्षणी मला इतकं समाधान वाटलं होतं, की अंगारकीचा उपवास मीच धरावा असं मनात आलं. नंतर पोह्यांचा वास आला आणि मी खाली गेलो.

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सासूबाईंची साखर शहाण्णव होती. बोटाला सुई टोचली की एक यंत्र तो आकडा दाखवतं. भाग्यश्रीनं आकडा कॅलेंडरावर लिहिला. तिनं उकडीचे मोदक केले होते, मोठ्या डब्यात भरले होते, आणि दुसऱ्या हातात साखरेची पुडी घेतली होती. ती पुडी तिनं त्यानंतर दीड तास सोडली नाही.

आठ वाजता आम्ही लिफ्टपाशी आलो. लिफ्ट अकराव्या मजल्यावर कुणाच्या तरी सोफ्यापायी अडकली होती. सोफा आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. दुसरी लिफ्ट दर मंगळवारी बंद असते, हे सात वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सात मजले चढून-उतरून आरडाओरडा करून आलो. आठ वाजून वीस मिनिटांनी सोफा निघाला. सासूबाई तेवढा वेळ हातातली जपमाळ ओढत उभ्या होत्या, बसायला तयार नव्हत्या. लिफ्टमध्ये त्यांनी कठडा धरला तेव्हा त्यांचा हात थरथरतोय हे मी बघितलं. भाग्यश्रीनंही बघितलं. आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळलं.

बाविसाव्या मजल्यावर गुलजारभाई आणि जयसिंगराव एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन थांबले होते. तिथून गच्चीपर्यंत दोन जिने. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. "हळू. मी देवी नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

वर पोचलो तर जयसिंगरावांच्या किल्लीनं जाळीचं दार उघडलं, आणि त्यामागं एक नवंकोरं लोखंडी दार निघालं. त्याला आकड्यांचं कुलूप होतं. ते विश्वजीतनं सोमवारी बसवून घेतलं होतं, सुरक्षेसाठी. जयसिंगराव त्या कुलपाकडं बघत राहिले. "मला कुणी सांगितलं न्हाय," ते म्हणाले.

मी विश्वजीतला फोन लावला. "काका, सॉरी, ग्रुपवर टाकलं होतं मी. ओटीपी जनरेट करतो, थांबा. पण तो तीस सेकंदच व्हॅलिड असतो हां." दारापाशी रेंज येत-जात होती. ओटीपी माझ्या फोनवर यायचा तर मला अर्धा जिना खाली उतरावं लागत होतं, आणि तिथून ओरडून आकडे सांगितले की वर गुलजारभाईंनी दाबायचे. पहिल्या वेळी मी सहाचा आकडा दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी गुलजारभाईंना अंधारात कळा दिसेनात. तिसऱ्या वेळी विश्वजीतचा फोनच लागेना, मीटिंगमध्ये त्याची प्रेझेंटेशनची पाळी आली होती. वरून भाग्यश्रीचा आवाज आला, "एक्क्याऐंशी." ती वेळ सांगत नव्हती.

चौथ्या ओटीपीला दार उघडलं. आठ सेहेचाळीस झाले होते. आम्ही खुर्ची कठड्यापाशी, माझ्या खडूच्या बाणासमोर नेऊन ठेवली. मी छाती पुढं काढून पूर्वेकडं बघितलं.

पूर्व नव्हती. म्हणजे दिशा होती, पण तिच्यात काही नव्हतं. समोर तपकिरी, जाड धुळीची भिंत उभी होती, दिवे लागलेल्या इमारतींच्या तिसऱ्या रांगेपासून सुरू झालेली. तिच्यात ती क्रेन अर्धी बुडाली होती आणि टोकावरचा तांबडा दिवा तेवढा कसाबसा दिसत होता. माझ्या अंदाजानं दृश्य क्षितिज दीड किलोमीटरवर होतं. कदाचित सव्वा. बत्तीस किलोमीटर दोनशे मीटर मी पाठ करून आलो होतो आणि त्यातले तीस आकाशानं गिळून टाकले होते. हवा अगदी स्तब्ध होती. कठड्यावर ठेवलेला माझा गणिताचा कागद हललासुद्धा नाही.

"आठ सत्तेचाळीस," गुलजारभाई म्हणाले. त्यांचं घड्याळ चुकत नाही.

 आठ पन्नास झाले. सासूबाई ताठ बसून समोर बघत होत्या. जयसिंगराव माझ्याकडं न बघता उभे होते, आणि ते धुळीचा विषय काढत नाहीत याचे मला उपकार वाटत होते. आठ चोपन्नला भाग्यश्रीनं पुन्हा सुई टोचली. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता. थंडीचे दिवस होते, मी स्वेटर घातला होता, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"एकोणसत्तर," भाग्यश्री म्हणाली. "आई, आता बास. डॉक्टरांनी सत्तरची हद्द सांगितलीय. साखर तोंडात घाल."

"चंद्र दिसला की."

"आई, मी पाया पडते तुझ्या."

"पड. पण चंद्र दिसला की."

भाग्यश्रीनं पुडी त्यांच्या ओठांशी नेली, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडात जबरदस्तीनं साखर कोंबता येते का, याचा मी त्या क्षणी खरंच विचार करत होतो. भाग्यश्री माझ्याकडं वळली. तिला रडू येत होतं, पण तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी भ्यालो होतो. लिंबाची फोड आणि पृथ्वी मला पुनःपुन्हा डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती बशी मी कुणालाही उचलून द्यायला तयार होतो.

तेव्हा गुलजारभाई खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "आनंदीताई, एक सांगू? आमच्यातही चंद्रावरच सगळं असतं. पण सगळ्या गावानं तो बघायला लागत नाही. ढग असतात, म्हातारी माणसं असतात, कुणाचे डोळे अधू असतात. एकदोन भरवशाच्या माणसांनी बघितला आणि साक्ष दिली, की सगळ्यांना पुरतं."

सासूबाईंनी हळूच मान वळवली. विचार करायला त्यांना वेळ लागत होता. "मग तुम्ही द्या साक्ष."

"माझ्या डाव्या डोळ्याची पट्टी परवाच निघाली. उजव्यात मोतीबिंदू तसाच आहे. माझी साक्ष मीच मानणार नाही."

"म्या बघतो की," जयसिंगराव पुढं सरकले.

"तुम्ही नको. तुम्हाला हमीपत्राशिवाय काही खरं वाटत नाही." त्या थांबल्या, श्वास घेतला. "भाग्यश्री माझी लेक आहे. मला खायला घालायला ती त्या क्रेनच्या दिव्यालाही चंद्र म्हणेल." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे नीट ठरत नव्हते. "गोपाळराव सांगतील. दुसरा काही गुण नाही त्यांच्यात. पण न मोजलेला आकडा त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. स्वतःच्या लग्नात मला सांगितलं होतं, मांडव सव्वा इंच तिरका आहे म्हणून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

हे कुणाला सांगून पटणार नाही, पण चौतीस वर्षांत मी न वाचलेलं रीडिंग वहीत लिहिलं नव्हतं. एकदा एका साहेबांनी सांगितलं होतं, पाऊस आहे, कुठं जाताय लेव्हल घ्यायला, इथंच बसून भरा आकडे. मी भरले नाहीत, आणि त्यापायी तीन वर्षं नगर जिल्ह्याच्या टोकाला काढली. माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच आहे. बढती नाही, बक्षीस नाही. सासूबाईंच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकत होतो तेव्हाच मला ते मोडायचं होतं.

मी कठड्याशी गेलो. दोन्ही हात डोळ्यांवर धरून, लेव्हलच्या दुर्बिणीतून बघावं तसं धुळीत बघितलं. काही दिसत नव्हतं. काहीसुद्धा नाही.

"दिसला," मी म्हणालो.

"कुठं?"

"क्रेनच्या डाव्या बाजूला, दोन बोटं. तांबूस आहे, अर्धवट. आत्ताच वर आलाय, तळेगाव ढमढेरेच्या पुढून. बत्तीस किलोमीटर दोनशे मीटर." माझा आवाज अजिबात हलला नाही. याची मला नंतर जास्त भीती वाटली.

सासूबाईंनी क्रेनच्या डावीकडं बघून हात जोडले. मांडीवरच्या तांब्यातून पळीभर पाणी सोडलं. त्यांचे ओठ पुटपुटत होते, बहुतेक सात वर्षांची माफी मागत असाव्यात, कारण जरा वेळ लागला. मग भाग्यश्रीनं मोदक पुढं केला आणि त्यांनी तोंड उघडलं. पहिला मोदक त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसऱ्याला त्यांनी तूप कमी पडल्याचं सांगितलं. भाग्यश्री तिथंच गच्चीच्या फरशीवर बसली आणि हातातली साखरेची पुडी तिनं स्वतःच्याच तोंडात रिकामी केली. जयसिंगरावांनी दुसरीकडं बघून नाक शिंकरलं. दहा मिनिटांनी आकडा आला एकशे चार, आणि गुलजारभाईंनी तो घड्याळाची वेळ सांगावी तसा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

मी कठड्याला पाठ लावून उभा होतो.  सासूबाई तिसरा मोदक फोडत होत्या, आणि तेवढ्यात भाग्यश्री फरशीवरून उठून माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागली. जयसिंगरावही. मी वळलो.

चंद्र आला होता. धुळीच्या भिंतीवरून त्याचा वरचा काठ निघाला होता, विटेच्या रंगाचा, चांगला मोठा. तो क्रेनच्या डावीकडं नव्हता. उजवीकडं होता, आणि दोन बोटं नव्हे, चांगला हातभर. होकायंत्र मी सोलरच्या लोखंडी सांगाड्यावर ठेवलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. जो चंद्र उगवलाच नव्हता तो डावीकडं, आणि हा समोर उजवीकडं. 

सासूबाईंनी बघितला. मोदक हातात तसाच धरून बराच वेळ बघितला. मग क्रेनच्या डावीकडं बघितलं, जिथं मघाशी हात जोडले होते. मग माझ्याकडं. त्यांचे डोळे आता अगदी स्थिर होते. मी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला काय काय ऐकवलं होतं, पण खोटारडा म्हणायची संधी मी त्यांना आजवर दिली नव्हती.

"गोपाळराव," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"माझी खुर्ची जरा फिरवा. त्या बाजूनं वारं लागतंय."

वारा कुठंच नव्हता. असता, तर धूळ हलली असती आणि चंद्र आठ सत्तेचाळीसलाच दिसला असता. मी पुढं झालो आणि खुर्ची हळूच फिरवून त्यांची पाठ चंद्राकडं केली. त्यांनी तिसरा मोदक तोंडात घातला आणि डबा माझ्यापुढं धरला.